हैदराबादचा नाताळ : दोन शतकांचा मागोवा

हैदराबाद आणि सिकंदराबाद या जुळ्या शहरांत सार्वजनिक नाताळाची सुरुवात लष्करी छावणीत झाली. १७९८ मध्ये निजामाने ईस्ट इंडिया कंपनीशी तैनाती फौजेचा करार केला आणि हुसेनसागराच्या उत्तरेला कंपनीची फौज कायमची उतरली. १८०६ मध्ये त्या वस्तीला निजाम सिकंदर जाह याच्या नावावरून सिकंदराबाद हे नाव मिळाले. पुढे सात वर्षांनी, १८१३ मध्ये, तिथे सेंट जॉन्स हे अँग्लिकन चर्च उभे राहिले. सिकंदराबादेतले हे सर्वांत जुने चर्च.

या आरंभीच्या नाताळाला घराच्या ओढीची किनार होती. आयर्लंड-इंग्लंडातून आलेला सैनिक परतीची खात्री घेऊन आलेला नसे. लढाईपेक्षा तापाने आणि पटकीने माणसे अधिक जात. हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात असतो हे रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेतच दिसले. त्याआधीच्या पिढ्यांना तो ताप कशाने येतो हेही ठाऊक नव्हते. अशा ठिकाणी डिसेंबरची उपासना म्हणजे वर्ष पार पडल्याची आणि आपण अजून हयात असल्याची नोंद होती. लूकच्या शुभवर्तमानात देवदूत रानातल्या मेंढपाळांना बाळाच्या जन्माची बातमी देतो, पण त्याआधी तो त्यांना भीती टाकायला सांगतो. नाताळाच्या वाचनातला हा क्रम छावणीतल्या माणसाला फार जवळचा वाटला असणार.

छावणीतल्या आयरिश सैनिकांचा पंथ वेगळा, कॅथलिक होता. त्यांच्यासाठी फादर डॅनियल मर्फी यांनी १८४० च्या सुमारास सिकंदराबादेत सेंट मेरीज चर्चचे काम हाती घेतले आणि ते १८५० मध्ये पूर्ण झाले. मर्फी पुढे हैदराबादचे बिशप झाले आणि नंतर टास्मानियातल्या होबार्टला गेले. त्यांच्या या चर्चला २००८ मध्ये बॅसिलिकेचा दर्जा मिळाला. दरम्यान बोलारम भागात १८४७ मध्ये होली ट्रिनिटी चर्च झाले होते. ही सगळी देवळे छावणीच्या हद्दीतली होती. निजामाच्या शहरात, मुसी नदीच्या बाजूला, नाताळ पोचायला आणखी काही वर्षे लागली.

तो पोचला त्याची तारीखही नाताळाचीच आहे. इटलीतल्या मिलान मिशनचे फादर अँथनी टॅग्लियाब्यू यांनी गनफाउंड्री भागात जागा घेतली आणि मार्च १८७० मध्ये सेंट जोसेफ चर्चची पायाभरणी झाली. तिथली पहिली मिस्सा १८७५ च्या नाताळला झाली. दर्शनी भाग आणि दोन्ही मनोरे १८९१ मध्ये पुरे झाले आणि इटलीहून आणलेल्या पाच घंटा १८९२ मध्ये वर चढल्या. आबिडच्या बाजारात आजही गर्दीच्या वर ऐकू येतात त्या याच घंटा. छावणीतल्या चर्चमध्ये जाणारा बहुतेक सैनिक किंवा त्याचे कुटुंब असे. गनफाउंड्रीला मात्र शहरातला माणूस चालत येऊ शकत होता. शाळा, मठ आणि चर्च एकाच आवारात असल्यामुळे नाताळाची ओळख अनेक मुस्लिम आणि हिंदू घरांना आपल्या मुलांच्या शाळेतूनच झाली.

याच काळात निजामाच्या राज्याच्या मराठी मुलखात वेगळे काही घडत होते आणि मराठी वाचकाने ते विसरू नये. मुंबईत १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेल्या नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने पुढे जालन्याला कामाचे ठाणे केले. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्या कारभारात त्यांना जालन्याजवळ जमीन मिळाली आणि तिथे बेथेल हे ख्रिस्ती शेतकऱ्यांचे गाव वसले. गावात आलेले बहुतेक लोक मांग-महार कुटुंबांतले होते. ज्यांना गावकुसाच्या आत पाऊल ठेवता येत नव्हते, त्यांच्या हाती स्वतःचे गाव आले. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबादशी जोडलेला होता, म्हणून हैदराबादच्या नाताळाच्या इतिहासात बेथेललाही जागा आहे. बेथेल म्हणजे देवाचे घर. ज्याला घर नाही त्याच्या पदरी देव घर घालतो, हा गोठ्यात जन्मलेल्या बाळाच्या कथेचा गाभा या गावाच्या नावातच उतरला.

तेलुगू मुलखात हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर झाली. वेस्लियन मेथडिस्ट मिशनचे लोक १८७० च्या दशकाअखेर सिकंदराबादेत आले. चार्ल्स वॉकर पॉस्नेट हे तरुण पाळक १८९५ मध्ये आले, काही काळ सैनिकांत काम केले आणि मग शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरवरच्या मेदकला गेले. तिथले ख्रिस्ती बहुतांशी माला आणि मादिगा या अस्पृश्य मानलेल्या जातींचे होते. खेड्यातल्या वेठबिगारीतून आणि चामड्याच्या कामातून ते आले होते.

मेदकच्या कथीड्रलचे बांधकाम १९१४ मध्ये सुरू झाले. पहिल्या महायुद्धाच्या त्या वर्षांत दुष्काळ पडला, धान्य महागले, खेडी रिकामी होऊ लागली. पॉस्नेट यांनी उपाशी लोकांना फुकट शिधा वाटण्याऐवजी काम दिले आणि कामाच्या मोबदल्यात अन्न दिले. दगड फोडणारे, वाहणारे, चुना मळणारे हात आसपासच्या खेड्यांतले होते. दहा वर्षांनी जे उभे राहिले ते दोनशे फूट लांब, शंभर फूट रुंद आणि १७५ फूट उंच मनोऱ्याचे गॉथिक शैलीतले देऊळ. आत सुमारे पाच हजार माणसे मावतात. २५ डिसेंबर १९२४ रोजी, नाताळाच्या दिवशी, त्याचे समर्पण झाले.

या इमारतीवर आक्षेप घेता येतो आणि तो घेतला पाहिजे. भुकेलेल्या प्रदेशात एवढा खर्च दगडावर का? पण ज्यांनी ती बांधली त्यांच्या वंशजांनी हा प्रश्न वेगळ्या अंगाने सोडवला आहे. त्यांच्या घरांतून सांगितले जाते ते असे की आजोबांनी भीक घेतली नाही, दगड वाहिला आणि घरी ज्वारी आणली. गावातल्या मंदिराच्या पायरीवर ज्यांना उभे राहू दिले जात नव्हते, त्यांच्या हातांनी पंचक्रोशीतली सर्वांत उंच वास्तू उभारली आणि तिच्यात ते सर्वांच्या पुढे बसले. नाताळाचा धीर म्हणजे काय, हे समजून घ्यायला हैदराबादच्या टापूत याहून ठोस उदाहरण सापडत नाही. आतल्या रंगीत काचांच्या मोठ्या खिडक्या फ्रँक सॅलिस्बरी या इंग्रज चित्रकाराच्या हातच्या म्हणून प्रसिद्ध आहेत. एका खिडकीवर येशूचा जन्म आहे आणि सूर्य योग्य बाजूला असला की ती उजळते. काच विलायती, फरशी विलायती, पण श्रम मेदकचे.

निजामाच्या राज्याच्या दुसऱ्या टोकाला, दोर्णकलला, व्ही. एस. अझरय्या काम करत होते. तिरुनेलवेलीकडचे हे तमिळ गृहस्थ आणि नाताळाचा हंगाम यांचा संबंध थक्क करणारा आहे. भारतीयांनी भारतीयांसाठी चालवलेल्या नॅशनल मिशनरी सोसायटीची स्थापना सेरामपूरला २५ डिसेंबर १९०५ रोजी झाली आणि तिच्या संस्थापकांत ते होते. अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप म्हणून त्यांची दीक्षा कलकत्त्याला २९ डिसेंबर १९१२ रोजी झाली. दोर्णकलचे त्यांचे कथीड्रल ६ जानेवारी १९३९ रोजी, प्रकटीकरणाच्या सणाला, समर्पित झाले. १ जानेवारी १९४५ रोजी त्यांचे निधन झाले. आयुष्यातले इतके टप्पे योगायोगाने एका पंधरवड्यात येणे अशक्य नाही. पण दीक्षा आणि समर्पण यांच्या तारखा माणसे निवडतात, आणि अझरय्यांनी पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी माणसांचा सण आपल्या कथीड्रलसाठी निवडला यात अर्थ आहे. त्या सणाला मान परदेशातून आलेल्यांचा, यहुदी नसलेल्यांचा असतो. कथीड्रलचा घाटही मेदकसारखा गॉथिक नाही. हिंदू मंदिराचे खांब आणि मुस्लिम वास्तूचे घुमट-कमानी त्यात मिसळल्या आहेत. मेदकच्या देवळाने दलित ख्रिस्ती माणसाला उंच मनोरा दिला, दोर्णकलने त्याला सांगितले की तुझ्या मातीतले रूप देवाला चालते.

हाच प्रश्न गाण्यांतही होता. छावणीत इंग्रजी नाताळगीते गायली जात. तेलुगू मंडळ्यांनी मात्र फार लवकर आपले सूर धरले होते. पुरुषोत्तम चौधरी (१८०३–१८९०) यांनी तेलुगू कीर्तनांच्या चालीवर ख्रिस्ती पदे रचली आणि ती 'आंध्र ख्रैस्तव कीर्तनलु' या गीतसंग्रहात आजही मंडळ्यांच्या हाती आहेत. मराठीत जे काम १८९५ नंतर नारायण वामन टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणाने केले, त्याच्या दोन पिढ्या आधी तेलुगूत त्याची सुरुवात झालेली दिसते. खेड्यातून शहरात रोजगारासाठी आलेल्या माणसाला डिसेंबरच्या रात्री ही पदे भेटली की शहर थोडे आपले वाटू लागे, कारण शब्द आईच्या तोंडचे असत. लालागुड्याच्या रेल्वे वसाहतीतला अँग्लो-इंडियन नाताळ मात्र वेगळ्या रंगाचा होता. केक, नाच, इंग्रजी गाणी असा. दोन्ही नाताळ शहरात शेजारी शेजारी नांदले, एकमेकांत फारसे मिसळले नाहीत.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात विलीन झाले. त्याच्या वर्षभर आधी, २७ सप्टेंबर १९४७ रोजी, मद्रासला अँग्लिकन, मेथडिस्ट आणि इतर मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले होते. कॅथलिकांच्या बाजूने हैदराबाद १९५३ मध्ये महाधर्मप्रांत झाले. त्याच वर्षीच्या नाताळाच्या आदल्या रात्री शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान सेंट जोसेफ कथीड्रलच्या मिस्सेला उपस्थित राहिले. ज्याचे राज्य पाच वर्षांपूर्वी गेले होते असा मुस्लिम राजा मध्यरात्रीच्या उपासनेत येऊन बसतो, हे चित्र त्या शहराच्या जुन्या चालीरीतीला शोभणारे होते.

आनंदाला कायद्याची एक कडा लागली होती, तीही नोंदवायला हवी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे त्या शीख आणि बौद्धांना मिळाल्या, ख्रिस्ती दलितांना मिळाल्या नाहीत. त्यामुळे कागदावर एक आणि उपासनेत एक असे जगणाऱ्या कुटुंबांची संख्या मोठी राहिली. २०११ च्या जनगणनेत तेलंगणाच्या हद्दीत ख्रिस्ती सव्वा टक्क्याच्या आसपास दिसतात. डिसेंबरच्या सभांमधली गर्दी पाहणाऱ्याला हा आकडा तोकडा वाटतो, आणि त्याचे एक कारण या आदेशात आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरातल्या श्रद्धेला आणखी एक वळण मिळाले. पंजाबातल्या शीख घरातले बख्त सिंग कॅनडात अभियांत्रिकी शिकत असताना ख्रिस्ती झाले आणि भारतात परतून गावोगाव प्रवचने करू लागले. १९४१ मध्ये मद्रासपासून सुरू झालेल्या त्यांच्या मंडळ्यांचे केंद्र पुढे हैदराबादचे हेब्रॉन झाले. दरवर्षीच्या पवित्र सभेसाठी तिथे हजारो लोक मांडवात राहत, एका पंक्तीत जेवत आणि जमिनीवर झोपत. १७ सप्टेंबर २००० रोजी हैदराबादलाच त्यांचे निधन झाले. संस्थेच्या पाठबळाशिवाय उभ्या राहिलेल्या अशा मंडळ्यांमुळे चर्चची इमारत नसलेल्या वस्त्यांतही उपासना रुजली. भाड्याच्या खोलीत, गच्चीवर, पत्र्याच्या शेडमध्ये ती भरते.

या मंडळ्यांच्या वाढीतून आजच्या हैदराबादी नाताळाची सर्वांत ठळक रूढी फोफावली, ती म्हणजे 'सेमी क्रिसमस'. डिसेंबर उजाडला की शाळा, कार्यालये, रुग्णालये, वसाहतींची सभागृहे यांतून पंचवीस तारखेच्या आधीच एक एक कार्यक्रम होतो. त्यात गाणी, छोटे प्रवचन आणि प्रार्थना असते, आणि शेवटी सर्वांना जेवण. जेवणात बहुधा बिर्याणी असते आणि शेजारचे हिंदू-मुस्लिम सहकारी पंक्तीला असतात. चर्चच्या दिनदर्शिकेनुसार नाताळापूर्वीचे चार आठवडे आगमनकाळाचे असतात. तो काळ वाट पाहण्याचा, मन आवरण्याचा आहे, आणि काही पाळकांना सेमी क्रिसमसची घाई त्यामुळे खटकते. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. तरी पाहुणा नाताळच्या दिवशी चर्चमध्ये यायला बिचकतो आणि सेमी क्रिसमसला निःसंकोच येतो, हेही खरे.

आगमनकाळातली दुसरी रीत रात्रीच्या गायन-फेरीची. तरुणांचा गट कागदी तारा, गिटार आणि ढोलके घेऊन मंडळीतल्या घरोघर जातो, दारात गातो, आत प्रार्थना करतो. ज्या घरात वर्षभरात कोणी गेलेले असते किंवा कोणी अंथरुणावर असते, तिथे फेरी रेंगाळते. चर्चपर्यंत येऊ न शकणाऱ्या म्हाताऱ्यांचा नाताळ हाच. २०१४ मध्ये तेलंगणा राज्य झाल्यावर सरकारी मेजवानी, गरीब कुटुंबांना कपड्यांच्या भेटी आणि २६ डिसेंबरची सुटी यांची भर पडली. त्याने सणाला राजमान्यता आली, पण फेरीची जागा कशाने घेतली नाही.

२०२० मध्ये तीच फेरी अडली. मार्चमध्ये करोनामुळे टाळेबंदी लागली. जूनमध्ये प्रार्थनास्थळे उघडण्याची मुभा मिळाली तरी त्या वर्षीचा नाताळ मोजक्या माणसांचा, मुखपट्टीचा आणि मोबाइलच्या पडद्यावरचा झाला. अनेक घरांत गाणारा एक आवाज कमी होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अँथनी पूला यांची हैदराबादचे आर्चबिशप म्हणून नेमणूक झाली, आणि २७ ऑगस्ट २०२२ रोजी ते कार्डिनल झाले. दलित समाजातून आलेले ते पहिले कार्डिनल आणि पहिले तेलुगू कार्डिनलही. ज्यांच्या आजोबांनी मेदकला दगड वाहिले त्या प्रॉटेस्टंट घरांतही या बातमीचा आनंद झाला, पंथाचा भेद आड आला नाही.

मेदकच्या कथीड्रलला २५ डिसेंबर २०२४ रोजी शंभर वर्षे झाली. मुख्यमंत्री रेवंत रेड्डी त्या दिवशी तिथे आले होते. गर्दी मात्र आदल्या दिवसापासूनच होती. हैदराबादहून आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लोक बसने, ट्रॅक्टरने, चालत येतात, आवारात चटया टाकतात, तिथेच चूल मांडतात आणि थंडीत मुलांना पोटाशी घेऊन झोपतात. नवस फेडायला आलेल्यांत हिंदू कुटुंबेही असतात. पहिली उपासना पहाटेच्या अंधारातच सुरू होते. मनोऱ्यावरची घंटा वाजली की आवारातले लोक घोंगड्या झटकून उठतात आणि दारांकडे निघतात.