बाईच्या आवाजाला बंदी, म्हणून शस्त्रक्रिया

भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाई उभ्याने पंडवानी, म्हणजे महाभारतकथा, गाऊ लागल्या, तेव्हा समाजाने त्यांना वाळीत टाकलं. ती कापालिक शैली पुरुषांची मानली जाई. गदा म्हणून तंबुरा उगारत त्यांनी आपल्या भारदस्त आवाजात भीम उभा केला. पुढे त्या भिलाई पोलाद कारखान्यात नोकरीला लागल्या आणि 2019 मध्ये पद्मविभूषणच्या मानकरी ठरल्या.

युरोपातली बंदी फार क्रूर ठरली. चर्चमध्ये बायकांना गायला मनाई होती, म्हणून इटलीत वयात येण्यापूर्वीच मुलांची अंडग्रंथी निकामी करत. टेस्टोस्टेरॉनअभावी स्वरतंतू आखूड राहत; हाडांची वाढ मात्र लांबे, छाती रुंदावे. पोराचा गळा, प्रौढाचा दम! अशा गायकांना कास्त्राती म्हणत. त्यांतल्याच सेनेसिनोसाठी संगीतकार हेंडेलने 1724 मध्ये ऑपेरातली ज्युलियस सीझरची भूमिका लिहिली: सेनापती, पण स्वर उंच. फारिनेल्ली या दुसऱ्या कास्त्रातीचा दमसास तर युरोपभर गाजला.

आपल्या बालगंधर्वांना स्त्रीभूमिकांसाठी असं काही करावं लागलं नाही. रियाज आणि लडिवाळ गायकी पुरली. मुलांवरचा हा अत्याचार कोणत्याही संगीताने क्षम्य ठरत नाही.

शेवटच्या कास्त्रातींपैकी मोरेस्कीची 1902 आणि 1904 मधली ध्वनिमुद्रणं आजही उपलब्ध आहेत. जरूर ऐका.