कबड्डी किती धोक्याची? आकड्याच्या खाली काय आहे ते आधी बघा

पेटची तयारी करणाऱ्या किंवा नुकतंच कोर्सवर्क सुरू झालेल्या मित्रमैत्रिणींनो, आजचा विषय थोडा मैदानातला आहे. मी छावणीत राहतो. इथे संध्याकाळी मोकळ्या मैदानावर पोरं कबड्डी खेळतात आणि घरातली माणसं हमखास एक प्रश्न विचारतात : "हा खेळ पोराला खेळू द्यावा का? डोक्याला लागलं तर?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर संशोधनातून द्यायचं ठरवलं की पहिल्याच पायरीवर अडखळायला होतं. सिनॉप्सिसमध्ये "कबड्डीतील दुखापतींचा अभ्यास" असं शीर्षक टाकून आरआरसीसमोर बसलात, तर पहिला प्रश्न येणार, "दुखापत म्हणजे काय?" आणि दुसरा, "किती पैकी किती?" हे दोन प्रश्न नीट समजले तर विषय कुठलाही असो, तुमचं निम्मं काम झालं म्हणून समजा.

आधी व्याख्या. खरचटलं तर ती दुखापत का? बोट मुरगळलं, पट्टी बांधून पुढची चढाई केली, ती मोजायची का? फुटबॉलच्या संशोधकांनी 2006 साली एकत्र बसून यावर एकमत केलं. त्यांनी तीन थर मानले : खेळाडूची कोणतीही शारीरिक तक्रार, डॉक्टर किंवा फिजिओकडे जावं लागलं अशी तक्रार, आणि पुढच्या सराव-सामन्याला मुकावं लागलं अशी तक्रार. किती दिवस खेळता आलं नाही यावरून तीव्रता ठरते. 1 ते 3 दिवस म्हणजे अगदी किरकोळ, 28 दिवसांपेक्षा जास्त म्हणजे गंभीर. यातला कोणता थर घेताय ते आधी लिहून ठेवा. एकाने पहिला थर घेतला, दुसऱ्याने तिसरा, आणि मग दोघांच्या आकड्यांची तुलना केली तर ती आंबे आणि आंब्याच्या पेट्या मोजल्यासारखी होते.

आता "किती पैकी". समजा तुम्ही घाटीत जाऊन वर्षभरातले कबड्डीचे पेशंट मोजले. आकडा मिळेल, पण तो कशाचा? ज्याला जास्त लागलं तोच घाटीत येतो. बाकीचे जवळच्या डॉक्टरकडे जातात, हाड बसवणाऱ्याकडे जातात, नाहीतर हळद लावून घरीच बसतात. शिवाय एकूण किती पोरं किती वेळ खेळली हे दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये नसतंच. त्यामुळे दवाखान्याच्या आकड्यावरून "कोणत्या दुखापती गंभीर होतात" हे काही प्रमाणात कळेल, पण "खेळ किती धोक्याचा" हे कळणार नाही.

याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकन फुटबॉलचं आहे. हा खेळ टकरीचाच. पिट्सबर्ग स्टीलर्सचा माइक वेबस्टर 2002 साली पन्नाशीत वारला. त्याच्या मेंदूची तपासणी डॉ. बेनेट ओमालू यांनी केली आणि 2005 साली त्यावर शोधनिबंध छापला. डोक्याला वारंवार बसणाऱ्या हादऱ्यांनी मेंदूचा जो ऱ्हास होतो, ज्याला सीटीई म्हणतात, तो या खेळाडूत सापडला होता. पुढे 2017 मध्ये डॉ. अ‍ॅन मॅकी यांच्या गटाने एनएफएलमध्ये खेळलेल्या 111 जणांचे मेंदू तपासले. त्यातल्या 110 जणांमध्ये सीटीई होता.

आता सांगा, "एनएफएलच्या 99 टक्के खेळाडूंना सीटीई होतो" असं लिहायचं का? नाही. हे मेंदू कुटुंबीयांनी दान केलेले होते. ज्या घरात माणूस विसरायला लागला, चिडचिडा झाला, त्याच घरातून मेंदू दान होण्याची शक्यता जास्त. म्हणजे नमुना मुळातच झुकलेला होता, आणि संशोधकांनी हे स्वतःच्या निबंधात स्पष्ट लिहिलं. पण म्हणून अभ्यास फुकट गेला का? तेही नाही. इतक्या खेळाडूंमध्ये हा आजार प्रत्यक्ष आहे, एवढं ठामपणे सिद्ध झालं. नमुना झुकलेला असला की प्रमाण सांगता येत नाही, अस्तित्व सांगता येतं. हे वाक्य वहीत लिहून ठेवा, व्हायव्हाला कामाला येईल.

परत कबड्डीकडे येऊ. मैदानी खेळात दुखापतींचा दर साधारणपणे "1000 खेळाडू-तासांमागे" देतात. पुरुषांच्या सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून 14 जण, 40 मिनिटं. म्हणजे एका सामन्यात सुमारे 9.3 खेळाडू-तास, आणि 1000 तास भरायला साधारण 107 सामने. हिशोब सरळ दिसतो, पण कबड्डीत एक गंमत आहे. बाद झालेला खेळाडू बाहेर बसतो. त्या वेळात त्याला लागण्याचा प्रश्नच नाही. फुटबॉलचं सूत्र जसंच्या तसं उचललंत तर खालचा आकडा फुगतो आणि धोका असतो त्यापेक्षा कमी दिसतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. काल्पनिक आकडे घेऊ. एका स्पर्धेत पकड करताना बचावपटूंना 20 दुखापती झाल्या आणि चढाईपटूंना 10. बातमी होईल, "बचावपटूंना दुप्पट धोका." पण प्रत्येक चढाईत चढाईपटू एकटाच असतो आणि समोर जास्तीत जास्त सात जण. बाद झालेले वजा जाऊन सरासरी पाच धरू. मग बचावपटूंच्या 20 दुखापती पाच जणांत वाटल्या तर माणशी 4, आणि चढाईपटूच्या 10 एकट्याच्या वाट्याला. म्हणजे मैदानातल्या तेवढ्याच वेळेसाठी चढाईपटूचा धोका अडीच पट! आकडे तेच, निष्कर्ष उलटा. म्हणून कबड्डीत तासांपेक्षा "1000 चढायांमागे" किंवा "1000 पकडींमागे" असा दर मला जास्त योग्य वाटतो. एका चढाईला जास्तीत जास्त 30 सेकंद मिळतात, त्यामुळे एका सामन्यात 80 च्या आसपास चढाया धरता येतात. व्हिडिओ असेल तर घोटा पकड, मांडी पकड, डॅश, ब्लॉक अशी पकडही वेगळी नोंदवता येते. घोटा धरायला कोपरारक्षक खाली झेपावतो तेव्हा त्याचं डोकं चढाईपटूच्या गुडघ्याच्या उंचीवर असतं. डोक्याच्या दुखापती मोजायच्या असतील तर नजर तिथे ठेवा.

मोजून झालं की पुढचा प्रश्न : नियम बदलला तर फरक पडतो का? कबड्डीच्या नियमात चढाईपटूचं तोंड दाबणं, गळा आवळणं, पायांची कैची घालणं, इजा होईल अशी हिंसक पकड करणं हे सगळं आधीच निषिद्ध आहे. पण नियम पुस्तकात असणं आणि त्याने दुखापत कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी. हे तपासायचं कसं, याचा नमुना अमेरिकेतल्या आयव्ही लीगने दिला. किकऑफला दोन्ही संघ लांबून पूर्ण वेगात एकमेकांवर धावून येतात. 2016 पासून त्यांनी किकऑफची रेषा 35 यार्डांवरून 40 यार्डांवर नेली, म्हणजे बरेच चेंडू थेट टोकापर्यंत जातात आणि धावाधाव होत नाही. किकऑफमधली कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेले हादरे, 1000 प्लेमागे 10.93 वरून 2.04 वर आली.

इथेच थांबलात तर चूक होईल. कदाचित त्या वर्षांत सगळीकडेच काळजी वाढली असेल. म्हणून त्यांनी इतर प्लेही मोजले. तिथे दर 2.56 वरून 1.18 झाला. एकीकडे घट 8.89, दुसरीकडे 1.38. वजाबाकी 7.51. नियमाच्या खात्यावर जमा करायची ती ही वजाबाकी, अख्खी घट नाही. "आधी-नंतर" एवढंच बघू नका, ज्याला नियम लागला नाही असा गट शेजारी ठेवा.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात वजनाचा. तुम्ही वही-पेन घेऊन बाजूला बसलात आणि एका पोराचं डोकं आपटलं. तो उठतो, डोळे फिरलेले असतात, कोणीतरी तोंडावर पाणी मारतं आणि म्हणतं, "चल, काही नाही झालं, आत जा." आता तुम्ही नोंद करायची की थांबवायचं? याचं उत्तर त्या क्षणी शोधायचं नसतं. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचं मत स्पष्ट आहे : कन्कशनची शंका आली तरी खेळाडूला बाहेर काढायचं आणि त्या दिवशी परत आत सोडायचं नाही. बाहेर कोण काढणार, कुठल्या दवाखान्यात न्यायचं, पालकांना फोन कोण करणार हे तुमच्या प्रस्तावात आधीच लिहिलेलं असलं पाहिजे. प्रशिक्षक आणि पंचांशी तसं बोलून ठेवा. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार 18 वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते, आणि 12 वर्षांवरच्या मुलाची स्वतःची लेखी तयारीही. एथिक्स कमिटीचा फॉर्म म्हणजे नुसती कागदपत्रं नाहीत, ती याचसाठी असतात. एक नोंद कमी झाली तरी चालेल, प्रबंधाला काही होत नाही.

तर मग, पोराला खेळू द्यावं का? आज माझं उत्तर असं : खेळू द्या, पण डोक्याला लागल्यावर त्याच दिवशी परत आत न पाठवणारा प्रशिक्षक आहे का ते आधी बघा. कबड्डी नेमकी किती धोक्याची हे सांगायला आपल्याकडच्या मैदानांवर नीट मोजलेल्या चढाया लागतील. तुमच्यापैकी कोणाला विषय सापडत नसेल तर हा घ्या. गावोगावी मैदानं आहेत, मोबाईलवर व्हिडिओ निघतो. सुरुवातीला एकाच स्पर्धेचे दहा सामने घ्या, व्याख्या एका पानावर लिहा, आणि गाईडकडे जाताना दुखापतींच्या यादीसोबत चढायांची संख्याही घेऊन जा.