थट्टेचा मुलूख बदलताना

मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवतात, पुरुषानेच रंगवलेली मावशी कमरेवर हात ठेवून पुढे येते आणि जकातीवरून हुज्जत सुरू होते. तमाशातली ही गौळण शेकडो वर्षांच्या भक्तिपरंपरेची उघड थट्टा करते, आणि ज्यांची त्या कृष्णावर श्रद्धा आहे तेच लोक समोर बसून पोट धरून हसतात. सोंगाड्या आज जे बोलतो ते काल दुसऱ्या गावात बोललेला नसतो. गाव बदलले की सरपंच बदलतो, दुष्काळाचे कारण बदलते, तालुक्याचा साहेब बदलतो, आणि बतावणी त्याप्रमाणे वळते. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके ताज्या घडामोडी रोजच्या रोज संवादात ओवत. लोक तेच नाटक पुन्हापुन्हा पाहायला येत, कारण ते तेच राहत नसे.

गाव बदलल्यावर जे चार वाक्यांत भागते, ते देश बदलल्यावर कसे भागवायचे? इंग्रजीत बर्लेस्क म्हणून जो नाट्यप्रकार ओळखला जातो तो मुळात आपल्या गौळणीच्या जवळचा आहे. थोर मानलेली गोष्ट घ्यायची, तिचा डौल तसाच ठेवायचा आणि आत हलकीसलकी माणसे उभी करायची. 1868 मध्ये लिडिया थॉम्पसन ही इंग्रज नटी आपला संच घेऊन न्यूयॉर्कला गेली आणि ‘इक्झिऑन’ हा ग्रीक पुराणकथेची टिंगल करणारा खेळ तिने तिथे लावला. बायका पुरुषांच्या भूमिकेत, अंगाला घट्ट बसणाऱ्या विजारी घालून, राजकारणावर टोमणे मारत होत्या. लंडनचे टोमणे न्यूयॉर्कला कळणारे नव्हते, म्हणून तिथले घालावे लागले. खेळ तुफान चालला, वर्तमानपत्रांनी नीतीच्या नावाने ओरडही केली. पुढच्या काही दशकांत मात्र अमेरिकेत या प्रकारातली जीभ मागे पडत गेली आणि देह पुढे आला. आज बर्लेस्क म्हटले की कपडे उतरवण्याचा नाच डोळ्यांपुढे येतो, तो या प्रवासामुळे. बोलणे कठीण जाते तिथे दिसणे सोपे पडते. लावणीचे आज जे चालले आहे ते पाहताना मला हा इतिहास सतत आठवतो.

थट्टेने देश ओलांडल्याचे सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण मात्र दुसरे आहे आणि त्याचा शेवटचा मुक्काम पुण्यात आहे. 29 जानेवारी 1728 रोजी लंडनमध्ये जॉन गे याचा ‘द बेगर्स ऑपेरा’ रंगमंचावर आला. त्या काळी लंडनचे उच्चभ्रू इटालियन ऑपेराच्या नादी लागले होते. हँडेलच्या ऑपेरा कंपनीतल्या कुत्सोनी आणि फाउस्तिना या दोन गायिकांचे वैर आदल्याच वर्षी रंगमंचावर चव्हाट्यावर आले होते. गे याने तोच थाट घेतला आणि त्यात राजेराण्यांऐवजी चोर, वेश्या, तुरुंगाचा अधिकारी आणि चोरीचा माल घेणारा पीचम बसवला. एका दरोडेखोरासाठी भांडणाऱ्या पॉली आणि ल्यूसी यांच्यात प्रेक्षकांनी त्या दोन गायिका ओळखल्या. पंतप्रधान वॉलपोलवरचे टोमणेही ओळखले. गाणी 69, आणि चाली बहुतेक गल्लीतल्या, सगळ्यांच्या तोंडी असलेल्या. पहिल्याच हंगामात 62 प्रयोग झाले. पुढचा भाग ‘पॉली’ मात्र सरकारने रंगमंचावर येऊ दिला नाही.

दोनशे वर्षांनी, 1920 च्या दशकात, लंडनच्या हॅमरस्मिथमध्ये त्याचा नवा प्रयोग 1,463 वेळा झाला. त्याची वार्ता बर्लिनमध्ये नाटककार ब्रेख्तची सहकारी एलिझाबेथ हाउप्टमान हिच्यापर्यंत पोचली. तिने गे याचे जर्मन भाषांतर केले, त्यावर ब्रेख्तने काम केले, संगीत कुर्ट वाइलने दिले, आणि 31 ऑगस्ट 1928 रोजी ‘थ्री पेनी ऑपेरा’ उभा राहिला. ब्रेख्त आणि वाइल यांनी काय ठेवले आणि काय टाकले हे पाहण्यासारखे आहे. कथा ठेवली, माणसे ठेवली. पण गे याच्या 69 चालींपैकी वाइलने एकच ठेवली, पीचमचे सकाळचे गाणे. अठराव्या शतकातल्या इंग्रजी गल्लीतली चाल बर्लिनकरांच्या कानात नव्हतीच, मग तिचा उपयोग काय? वाइलने नाचघरातले जॅझ घेतले आणि रस्त्यावर चित्रे दाखवून खुनांच्या कहाण्या गाणाऱ्या गायकांची धाटणी घेतली. पीचम आता भिकाऱ्यांना खोट्या जखमा आणि फाटके कपडे भाड्याने देऊ लागला.

हेच नाटक 1933 मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि बारा प्रयोगांत बसले. 1954 मध्ये मार्क ब्लिट्झस्टाइनने ते बोलत्या अमेरिकन इंग्रजीत पुन्हा बांधले, तेव्हा एका छोट्या थिएटरात त्याचे अडीच हजारांवर प्रयोग झाले. शहर तेच, नाटक तेच. फरक भाषेच्या अंगवळणी पडण्यात होता.

पुलंनी 1978 मध्ये ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिला तो या सगळ्या फेऱ्यानंतर. थिएटर अकॅडमीने तो केला, दिग्दर्शन जब्बार पटेलांचे. दरोडेखोर अंकुशच्या भूमिकेत नंदू भेंडे होते. ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये जुडास गायलेला हा रॉकचा गायक. त्यांच्याबरोबर माधुरी पुरंदरे होत्या. पुलंना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: मराठी प्रेक्षकाला इटालियन ऑपेरा हसवणार नाही आणि बर्लिनचे कॅबरेही हसवणार नाही. त्याच्या कानात नांदीपासून भरतवाक्यापर्यंत मुरलेले असते ते नाट्यसंगीत, आणि रक्तात असते ढोलकी. म्हणून गे याने जी जागा ऑपेराला दिली ती इथे संगीत नाटकाच्या थाटाला मिळाली, आणि तो थाट तमाशाच्या बोर्डावर आणून उभा केला. लावणी, नाट्यगीत, पाश्चात्त्य पॉप एकाच संध्याकाळी एकमेकांच्या शेजारी वाजले. नाट्यगीताच्या भारदस्त वळणात चोराचा हिशेब ऐकताना जो हसला, त्याला आपण स्वतः कशापुढे मान डोलवत आलो हेही कळले.

थट्टा देशाबाहेर नेताना कथा नेता येते, पण हसण्याचे निशाण नव्या गावातच शोधावे लागते. आणि ज्या घाटात ती थट्टा बसवायची तो घाट प्रेक्षकाच्या इतक्या सवयीचा हवा की त्यातली एक मात्रा चुकली तरी त्याला कळावे. परक्या घाटाची मोडतोड केली तर ती मोडतोड आहे हेच कुणाला समजत नाही.

उलटा प्रवास ‘घाशीराम कोतवाल’ने केला. तेंडुलकरांचे हे नाटक 16 डिसेंबर 1972 ला पुण्यात उभे राहिले, एकोणीस प्रयोगांनंतर मूळ संस्थेने थांबवले, आणि ते चालवण्यासाठी थिएटर अकॅडमी जन्मली. 1980 मध्ये ते युरोपात निघाले तेव्हा नाना फडणवीसांची बदनामी होते म्हणून महाराष्ट्रात मोठा विरोध झाला. अखेर नानांचे ऐतिहासिक थोरपण सांगणारे निवेदन प्रयोगाआधी वाचायचे, अशी तडजोड झाली. या दौऱ्यातला हा सर्वांत मोठा बदल परक्या प्रेक्षकाने मागितलेलाच नव्हता. नाना कोण हे त्या प्रेक्षकाला माहीत नव्हते, मग त्याची बदनामी कशी होणार? निवेदन घरच्यांच्या समाधानासाठी होते.

परक्या प्रेक्षकासाठी जे साधले ते आधीच नाटकात होते. ओळीत डुलणारे ब्राह्मण क्षणात भिंत होतात, क्षणात पडदा, क्षणात गर्दी. कृष्णदेव मुळगुंदांनी बांधलेल्या या हालचालीला भाषांतर लागत नाही. मोहन आगाशांचा नाना लंपटपणे पुढे झुकतो ते कुठल्याही देशात कळते. पण भास्कर चंदावरकरांच्या संगीतात देवाचे नाव आणि लावणी एकमेकांना खेटून येतात, तेव्हा मराठी माणसाच्या पोटात जो खड्डा पडतो, तो युरोपातल्या माणसाच्या पोटात पडणे शक्य नाही. त्याने कीर्तनात कधी टाळ ऐकलेला नाही. त्याला सत्तेची एक जबरदस्त सार्वत्रिक गोष्ट दिसली असेल. आपल्याला स्वतःचे देव्हारे दिसतात. दोन्ही खरे आहे, पण दोन्ही एक नाही, आणि परदेशात गाजलेल्या नाटकाबद्दल बोलताना आपण हा फरक विसरतो याचे मला वाईट वाटते.

लावणीबाबत तर हा प्रश्न आज तातडीचा आहे. परदेशातल्या मंडळांत जाते ती नऊवारी, घुंगरू आणि ढोलकीचा वेग. बैठकीची लावणी, जिच्यात बाई बसल्या जागी एकाच ओळीला भुवईने दहा अर्थ देते, ती जात नाही. त्यासाठी दाद देणारा माणूस समोर लागतो. भूषण कोरगावकर आणि सावित्री मेधातुल यांनी ‘संगीत बारी’च्या प्रयोगात गाण्यांच्या मधे बोलून, बारीचे जगणे सांगून, अनोळखी प्रेक्षकाला दाद द्यायला शिकवले. हा मार्ग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. इथे कलेला सोपे केलेले नाही, प्रेक्षकाला तयार केले आहे.

आता आपल्या उल्हास खोऱ्याकडे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही नावे लोकलच्या फलाटावर सलग ऐकू येतात, पण यांतल्या पहिल्या शहरात एक अख्खी रंगपरंपरा देश बदलून आली आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना जागा दिली गेली आणि 8 ऑगस्ट 1949 ला त्या छावण्यांचे उल्हासनगर झाले. त्या निर्वासितांबरोबर भगत ही लोककला आली. घेरदार जामा, पायांत घुंगरू, साथीदारांबरोबर गात-नाचत उमर-मारुई, ससुई-पुन्हूच्या कहाण्या सांगणारा भगत, मधे विनोद, मधे भजन. संत कंवररामांनी ही परंपरा सिंधच्या गावोगावी पोचवली होती. 1939 मध्ये रुक स्थानकावर त्यांना गोळ्या घालण्यात आल्या.

इथे कलाकार आणि प्रेक्षक दोघेही एकाच वेळी परक्या मुलखात आले. सुरुवातीला ऐकणारे होते. मग मुले हिंदी आणि इंग्रजी शाळांत गेली, घरातली सिंधी पातळ झाली, आणि भगताचा विनोद ज्या भाषेच्या खाचाखोचांवर उभा होता त्या खाचा बुजल्या. भजन टिकले, कारण त्याला श्रद्धेचा आधार होता. थट्टेला तसा आधार नसतो.

तरी मला वाटते, ‘तीन पैशाचा तमाशा’ ज्या कथेवर उभा आहे तिचा पुढचा मुक्काम याच पट्ट्यात असावा. उल्हासनगरच्या कॅम्पमध्ये आजही तीन भाषा एका वाक्यात बोलल्या जातात. भगताचा जामा आणि मावशीचा पदर एका बोर्डावर यायला काय हरकत आहे? आणि निशाण शोधायला लांब जावे लागणार नाही. गे याच्या नाटकात फाशीच्या दारात उभ्या दरोडेखोराला केवळ ऑपेराचा शेवट गोड हवा म्हणून माफी मिळते. ब्रेख्तच्या नाटकात राणीचा घोडेस्वार माफीबरोबर सरदारकी, वाडा आणि पेन्शनही घेऊन येतो. उल्हासनगरातल्या बेकायदा इमारती नियमित करण्यासाठी 2006 मध्ये राज्याने खास कायदाच केला. त्या कायद्यावाचून घर गमावणारी कुटुंबे खरी होती, आणि परवानगीवाचून मजले चढवून पैसे घेऊन गेलेलेही खरे होते. एकाच माफीपत्रावर दोघे सुटतात. भगत तो कागद वाचून दाखवील, मावशी त्याला मधेच थांबवून विचारील की सहीखाली नाव कुणाचे, आणि पहिल्या रांगेत त्याच इमारतींतले लोक बसलेले असतील.