चूक सुधारण्याआधी भीती घालवा

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. तरी कितीतरी मुलं इंग्रजीच्या तासाला तोंड उघडत नाहीत. शब्द येत नाहीत म्हणूनच असं नाही. आपलं हसं होईल, ही भीती असते. अमेरिकन भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशेन याला भावनिक गाळणी म्हणतात. मूल घाबरलं, की गाळणी घट्ट होते आणि कानावर पडलेली भाषा आत झिरपत नाही.

मग शिक्षकांनी काय करायचं?

पहिलं, ऐकू द्या. सुरुवातीला गप्प असलेलं मूलही ऐकत असतं. त्याला उभं करून बोलायला लावू नका. त्यानं घरच्या भाषेत उत्तर दिलं, तर त्याला कळलंय असं समजा.

दुसरं, आधी कृती, मग बोलणं. 'टच युवर नोज' म्हणा आणि स्वतः करून दाखवा. जेम्स अ‍ॅशर यांची पद्धत हीच. फौजेत हिंदी न येणारा रंगरूटही 'सावधान', 'विश्राम' असंच, शेजाऱ्याकडे बघत शिकतो. मात्र उस्तादाचा चढा आवाज परेड ग्राउंडवरच राहू द्या. सहा वर्षांचं मूल त्यानं मिटून जातं.

तिसरं, चूक चारचौघांत काढू नका. मूल म्हणालं, 'आय गो मार्केट यस्टरडे', तर म्हणा, 'ओह, यू वेंट टू द मार्केट! व्हॉट डिड यू बाय?' दुरुस्ती होते, मुलाचा मानही राहतो.

उद्या वर्गात गेलात, की सर्वांत गप्प मुलाकडे आधी बघा.