काटा लावला, पण लिनक्सला दिसत नाही? खर्च करण्याआधी हे पाहा

परतवाड्यात दुकान टाकताय, बिलिंगला जुना कम्प्युटर अन् त्यावर उबुंटू. लायसनचा खर्च वाचला. पण इलेक्ट्रॉनिक काट्याची यूएसबी वायर जोडली की वजन स्क्रीनवर येतच नाही. समोर गिऱ्हाईक उभं. मग कोणी म्हणतं, काटाच बदला. थांबा भाऊ! काटा खोलूही देऊ नका. वैधमापनचं सील तुटलं तर पुन्हा पडताळणी करून घ्यावी लागते.

आधी वायर काढा. टर्मिनलमध्ये 'सुडो डीमेसग -डब्ल्यू' चालवा (इंग्रजीत, छोट्या अक्षरांत) आणि मग वायर लावा. एकही नवी ओळ आली नाही, तर दोष वायरचा, पोर्टचा किंवा मधल्या हबचा. अशा वेळी सॉफ्टवेअर टाकत बसू नका. हब काढून थेट पोर्टला लावा, दुसरी वायर लावून पाहा.

ओळी आल्या, 'टीटीवाय यूएसबी ०' हे नाव दिसलं आणि लगेच डिस्कनेक्ट झालं? ही गंमत उबुंटू २२.०४ वर बऱ्याच जणांना भेटली. काट्याच्या यूएसबी वायरमध्ये बहुतेकदा सीएच३४० ही स्वस्त चिप असते. अंध व्यक्तींसाठीच्या काही ब्रेल यंत्रांतही तीच. त्यामुळे 'बीआरएलटीटीवाय' नावाचा प्रोग्राम तुमच्या काट्याला ब्रेल यंत्र समजून धरून ठेवतो. तुमच्याकडे ब्रेल यंत्र वापरात नसेल तर 'सुडो ॲप्ट रिमूव्ह बीआरएलटीटीवाय' करा, वायर काढून पुन्हा लावा. वापरात असेल तर मात्र काढू नका. यूडेव्हच्या नियमांच्या फाइलमधली त्या चिपची तेवढी ओळ जाणकाराकडून बंद करून घ्या.

नाव टिकलं, तरी बिलिंग 'परमिशन डिनाइड' म्हणतंय? मग तुमचं यूजरनेम 'डायलआउट' ग्रुपमध्ये नाही. 'सुडो यूजरमॉड -एजी डायलआउट' आणि पुढे तुमचं यूजरनेम. इथं ए छोटा, जी मोठा. ए विसरलात तर बाकीच्या ग्रुपमधून नाव उडेल, सुडोसुद्धा जाईल, अन् मग खरंच मेकॅनिक बोलवावा लागेल! लॉगआउट करून परत या, त्याशिवाय बदल लागू होत नाही.

आता वजन आलं पण आकडे वेडेवाकडे? काट्याच्या पुस्तिकेतला बॉड रेट पाहा, बऱ्याचदा ९६०० असतो. तोच बिलिंगच्या सेटिंगमध्ये टाका. हे सगळं दुकान उघडण्याआधी, एक किलोचं माप ठेवून तपासा. संत्र्याच्या सिझनमध्ये गर्दीत नको.