सुंदर फोटो आणि साक्षीचा फोटो

इराण आणि आर्मेनियाच्या प्रवासाबद्दल बोललो की एक प्रश्न हमखास येतो, "सर, कॅमेरा कोणता होता?" कॅमेरा साधाच होता. एक रुंद लेन्स, एक लांबची लेन्स, वही आणि होकायंत्र, एवढंच सामान. आज मला त्यामागच्या प्रश्नावर बोलायचं आहे. शेकडो वर्षं जुन्या चर्चचा किंवा मशिदीचा फोटो आपण काढतो, तो कशासाठी? इंटरनेटवर त्याच जागेचे आपल्यापेक्षा चांगले हजारो फोटो असतातच की.

याचं उत्तर आरास नदीच्या काठावर मिळतं. या नदीच्या एका बाजूला इराण आहे, दुसऱ्या बाजूला अझरबैजानचा नाखिचेवान प्रांत. तिथे जुल्फा नावाचं आर्मेनियन व्यापाऱ्यांचं श्रीमंत शहर होतं. १६०४ साली ऑटोमन फौजा पुढे सरकू लागल्या, तेव्हा इराणच्या शाह अब्बास पहिल्याने शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून हा सगळा मुलूख रिकामा केला. जुल्फाचे लोक शेकडो मैल दूर इस्फहानला नेले गेले. वाटेत किती मेले याचा हिशेब कुणी ठेवला नाही. शहर उजाड झालं, पण त्यांचं कब्रस्तान जागेवर राहिलं.

त्या कब्रस्तानात हजारो खाचकार होते. आर्मेनियन भाषेत 'खाच' म्हणजे क्रूस आणि 'कार' म्हणजे दगड. माणसाएवढी उभी शिळा, तिच्यावर क्रूस आणि भोवती जाळीसारखं बारीक कोरीव काम. २०व्या शतकाच्या अखेरीससुद्धा तिथे अडीच हजारांहून अधिक शिळा होत्या. १९९८पासून त्या टप्प्याटप्प्याने हटवल्या गेल्या. डिसेंबर २००५मध्ये इराणच्या काठावरून झालेल्या चित्रीकरणात सैनिक हातोड्यांनी शिळा फोडताना दिसतात. अझरबैजान सरकारने हा आरोप नाकारला. पुढे २००३ आणि २००९च्या उपग्रह छायाचित्रांची तुलना झाली, त्यात ते कब्रस्तान सपाट झालेलं दिसलं.

मग आज त्या शिळा आपल्याला माहीत कशा? फोटोंमुळे. नाखिचेवानमध्येच जन्मलेल्या अर्गाम आयवाझ्यान यांनी १९६४ ते १९८७ या काळात तिथली चर्च, खाचकार आणि थडगी एकेक करून नोंदवली. सोव्हिएत राजवटीत हे काम सोपं नव्हतं. अशा जुन्या फोटोंवरून ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्या शिळांच्या संगणकीय प्रतिकृती करायला घेतल्या. म्हणून माझं म्हणणं असं, की फोटो सुंदर आला तर उत्तमच, पण तो साक्ष देण्याच्या लायकीचाही हवा. वास्तू उद्या नाहीशी झाली, तर आपल्या फोटोवरून ती समजली पाहिजे. हे कसं साधायचं, ते तीन जागांवर दाखवतो.

पहिली जागा, इस्फहानचं वांक कॅथेड्रल. हलवून आणलेल्या लोकांनी झायंदेरूद नदीच्या दक्षिणेला नवं जुल्फा वसवलं. तिथलं हे मुख्य चर्च आज दिसतं त्या रूपात १६५५ ते १६६४ या काळात बांधलं गेलं. बाहेरून पाहिलं तर विटांचा घुमट अगदी इराणी मशिदीसारखा, फक्त टोकाला लहानसा क्रूस. आत भिंतीच्या खालच्या भागात रंगीत इराणी टाइल्स. त्यांच्या वर बायबलमधले प्रसंग, युरोपीय धर्तीवर रंगवलेले. आणि वर घुमटात निळ्या-सोनेरी वेलबुट्ट्या, पुन्हा इराणी.

इथे बहुतेक जण घुमटाचा एक फोटो आणि अंतिम न्यायाच्या चित्राचा एक फोटो काढून बाहेर पडतात. त्या दोन फोटोंवरून ही एकच इमारत आहे हेसुद्धा कळत नाही. या चर्चची खरी गोष्ट सांध्यात आहे, म्हणजे टाइल संपून चित्र सुरू होतं तिथे आणि चित्र संपून घुमट सुरू होतो तिथे. म्हणून आधी जमिनीपासून घुमटापर्यंत एक उभा फोटो घ्या. मग प्रत्येक सांध्याचा मधल्या अंतरावरून एक. आणि शेवटी बारकावे. लांबून, मधून, जवळून, हा क्रम मोडू नका. फौजेत निरीक्षण शिकवताना हीच पद्धत असते: आधी मुलूख, मग खूण, मग लक्ष्य.

आत फोटोला परवानगी आहे का ते आधी विचारा. फ्लॅश बंदच ठेवा, टाइलवर त्याचा पांढरा डाग पडतो आणि चित्राचा रंग मरतो. टाइलची चमक कमी करायची असेल तर पोलरायझर फिल्टर लावा किंवा दोन पावलं बाजूला सरका. सोन्याच्या वर्खावर मात्र पोलरायझर चालत नाही, कारण धातूवरून परतणारा प्रकाश तो अडवू शकत नाही. तिथे जागा बदलणं हाच उपाय. खिडकीतला उजेड निळसर आणि दिव्यांचा पिवळसर, दोन्ही एकत्र आले की निळा रंग फसवतो. व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडू नका, एकच ठरवून ठेवा आणि रॉ फाइल जपा. घुमटासाठी ट्रायपॉड लागत नाही. परवानगी असेल तर बरोबर मध्यबिंदूखाली कॅमेरा जमिनीवर उताणा ठेवा आणि टायमर लावून बाजूला व्हा.

दुसरी जागा त्याच शहरात, नदीपलीकडे. नक्श-ए-जहान चौक. इथे होकायंत्र कामाला येतं. चौकाची लांबी उत्तर-दक्षिण आहे. पूर्वेकडच्या शेख लुत्फुल्ला मशिदीचं तोंड पश्चिमेला, म्हणून तिच्यावर दुपारनंतर ऊन येतं. समोरच्या आली कापू महालाचं तोंड पूर्वेला, तो सकाळी पाहावा. दक्षिणेकडच्या शाही मशिदीचं प्रवेशद्वार उत्तराभिमुख आहे, त्यावर थेट ऊन जवळजवळ येतच नाही. ते सावलीतच टिपायचं, आणि एक्सपोजर आकाशावर न घेता टाइल्सवर घ्यायचं. नाहीतर आभाळ छान येतं आणि दरवाजा काळा.

आणखी एक गोष्ट. मक्का इथून नैर्ऋत्येला. म्हणून दाराशी चौकाला समोरासमोर असलेली शाही मशीद आत वळून सुमारे ४५ अंशांनी फिरते. चौकातून पाहिलं तर दार आणि घुमट एका रेषेत येत नाहीत. फोटो 'नीट' दिसावा म्हणून ती रेषा जुळवण्याची जागा शोधू नका. वाकडेपणा राहू द्या, वास्तुकाराने शहर आणि मक्का या दोन दिशांचा मेळ कसा घातला ते त्यातच दिसतं.

तिसरी जागा आर्मेनियात, सेवान सरोवराजवळचं नोराटुस कब्रस्तान. जुल्फा गेल्यावर जुन्या खाचकारांचा सर्वात मोठा समूह आता इथे आहे. खाचकारची कोरलेली बाजू परंपरेने पश्चिमेला असते, म्हणजे समोर उभं राहून प्रार्थना करणाऱ्याचं तोंड पूर्वेला येतं. याचा अर्थ सकाळभर कोरीव बाजू सावलीत. भर दुपारी सूर्य दक्षिणेला असतो, तो माथ्यावरून सरकला की ऊन शिळेला घासून जायला लागतं. त्या तासाभरात प्रत्येक रेघ उठून दिसते. संध्याकाळी ऊन समोरून येतं, दगड सोनेरी होतो, पण नक्षी सपाट पडते. सुंदर फोटो संध्याकाळचा, साक्षीचा फोटो दुपारचा. दोन्ही काढा. नक्षी उठावी म्हणून दगडावर खडू फिरवू नका, पाणी ओतू नका, शेवाळ खरवडू नका.

फोटो काढून काम संपत नाही. त्याच रात्री वहीत तारीख, वेळ, तोंड कोणत्या दिशेला आणि तुम्ही कुठे उभे होता ते लिहा. एका फोटोत मापासाठी फूटपट्टी ठेवा. फाइलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी. आणि माजी सैनिक म्हणून एक सूचना: सीमेजवळ, पुलांवर आणि चौक्यांपाशी कॅमेरा पिशवीतच राहू द्या.

सरावासाठी इराणला जायची गरज नाही. नव्या जुल्फाचे व्यापारी भारतभर पसरले होते. कोलकात्यात १७२४चं आर्मेनियन चर्च आहे, चेन्नईच्या आर्मेनियन स्ट्रीटवर १७७२चं, मुंबईत फोर्टमध्ये १७९६ साली त्यांनी चर्च उभं केलं. जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक 'अझदारार' १७९४मध्ये निघालं तेही मद्रासमध्ये. तुम्ही ज्या शहरात असाल तिथे यातलं काही असेल, नाहीतर एखादं पडकं देऊळ, बारव किंवा दर्गा नक्कीच असेल. येत्या रविवारी होकायंत्र घेऊन तिथे जा. लांबून, मधून, जवळून फोटो घ्या आणि वहीत चार ओळी लिहा. तुमच्या फोटोचा उपयोग कधी आणि कुणाला होईल ते आज कळणार नाही. आयवाझ्यान जुल्फात फिरत होते, तेव्हा त्या शिळाही जागच्या जागी उभ्या होत्या.