पडद्यावरची बॉनी आणि आईची बॉनी

परवा दुपारी भाची घरी आली होती. मी गवार मोडत बसले होते आणि ती मोबाइलवर जुना इंग्रजी सिनेमा बघत होती, ‘बॉनी अँड क्लाइड’. संपला तसे डोळे पुसत म्हणाली, “मावशी, कित्ती प्रेम होतं गं दोघांचं!”

मला हसू आलं, कारण पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा मीही हेच म्हटलं होतं. 1967 सालचा आर्थर पेन यांचा हा चित्रपट. वॉरन बेटी आणि फे डनवे ही देखणी जोडी. बँक लुटायची, मोटारीत उडी मारायची की सुसाट पसार! मागे पोलीस, पुढे मोकळा रस्ता. आपण सज्जन, कुटुंबवत्सल बायका. भाजीवाल्यानं चुकून दोन रुपये जास्त दिले तर परत नेऊन देणाऱ्या. पण त्या दोनेक तासांत आपण मनातल्या मनात चोरांनाच म्हणत असतो, “पळा गं बाई लवकर!” त्या काळी तिकडच्या मुली बॉनीसारखी तिरपी बेरे टोपी घालून मिरवू लागल्या होत्या. आपल्याकडे 2005 साली ‘बंटी और बबली’ आला, तेव्हा त्या जोडीवरही प्रेक्षक खूश झालेच की!

पण भगिनींनो, ही बॉनी खरोखरीची होती. आणि तिला एक आई होती.

कोको करणारी मुलगी

बॉनी पार्करचा जन्म 1910 सालचा, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातला. वडील गवंडीकाम करत. पोर चार वर्षांची असताना ते गेले. आई एमा तीन लेकरांना घेऊन डॅलसजवळ माहेरी आली आणि शिवणकाम करून तिनं त्यांना वाढवलं. बॉनी शाळेत हुशार, कविता करणारी. पण सोळावं पूर्ण व्हायच्या आतच लग्न करून मोकळी झाली! नवरा आज घरात तर उद्या गायब. पुढे तो तुरुंगात गेला. बॉनी हॉटेलात वेट्रेसचं काम करू लागली.

1930 च्या जानेवारीत एका ओळखीच्या घरी ती स्वयंपाकघरात गरम चॉकलेट करत होती. तेव्हा क्लाइड बॅरो आत आला आणि तिथंच दोघांची गाठ पडली, असं सांगतात. थोड्याच दिवसांत क्लाइडला चोऱ्यांबद्दल अटक झाली. वेडी पोर! तिनं कोठडीत त्याला चोरून पिस्तूल नेऊन दिलं. तो पळाला आणि पुन्हा सापडलाही. तुरुंगाच्या शेतावरच्या जिवघेण्या कामातून सुटावं म्हणून त्यानं पायाची दोन बोटं तोडवून घेतली. आणि गंमत पाहा, तिकडे त्याच्या आईनं केलेल्या अर्जविनंत्यांना यश येऊन 1932 च्या फेब्रुवारीत अवघ्या काही दिवसांत तो सुटणारच होता!

सिनेमात न दिसलेला पाय

त्यानंतरची दोन वर्षं म्हणजे नुसती पळापळ. त्यांच्या लुटी बहुतेक किराणा दुकानांच्या आणि पेट्रोल पंपांच्या. बँका त्या मानानं थोड्याच. एवढा जीव धोक्यात घालून कधीकधी हाती दहा-वीस डॉलरही लागत नसत. झोप मोटारीत, अंघोळ नदीत.

1933 च्या जूनमध्ये भरधाव मोटार पुलाच्या खड्ड्यात कोसळली. बॅटरीतलं ॲसिड सांडून बॉनीचा उजवा पाय हाडापर्यंत भाजला. जवळच्या शेतकऱ्याच्या घरातल्या बायकांनी खाण्याचा सोडा आणि मलम लावलं. पण दवाखाना कुठला? दवाखान्यात जायचं तर नाव सांगायला हवं! (ॲसिडनं भाजलं तर आधी भरपूर पाणी, तेही पंधरा-वीस मिनिटं आणि मग ताबडतोब डॉक्टर, हे आपण पक्कं लक्षात ठेवावं.) तो पाय पुन्हा कधी सरळ झाला नाही. ती लंगडत चाले, नाहीतर क्लाइड तिला उचलून नेई. पडद्यावरच्या बॉनीचे दोन्ही पाय मात्र शेवटपर्यंत सुरेख आहेत.

लाल बीन्सचा निरोप

लेकीला भेटायचं तर कसं? दोघं मोटारीतून जाताना क्लाइडच्या वडिलांच्या पेट्रोल पंपापाशी चिठ्ठी घातलेली बाटली फेकत. मग क्लाइडची आई एमाला फोन करायची आणि बोलता बोलता म्हणायची, “आज लाल बीन्स शिजवतेय.” एमा समजायची. संध्याकाळी गावाबाहेर आडरस्त्याला सगळे जमायचे. आईनं काहीबाही खायला नेलेलं असायचं.

त्या आईचं चुकलं का? मला चटकन उत्तर देता येत नाही. पण दुसऱ्या घरांतही बायका होत्या. या टोळीच्या नावावर तेरा खून आहेत. 1934 च्या ईस्टरला ग्रेपव्हाइन गावाजवळ दोन तरुण पोलीस मारले गेले. त्यातल्या एकाचं लग्न काही दिवसांवर आलं होतं. त्याची वाग्दत्त वधू अंत्ययात्रेला लग्नाचा झगा घालून आली.

23 मे 1934 रोजी सकाळी लुइझियानातल्या रस्त्यावर सहा पोलिसांनी दबा धरून मोटारीवर शंभरावर गोळ्या झाडल्या. बॉनी तेवीस वर्षांची, क्लाइड पंचवीसचा. तिच्या हाती अर्धवट खाल्लेलं सँडविच होतं आणि बोटात अंगठी होती ती पहिल्या नवऱ्याची. त्याच्याशी तिनं घटस्फोट घेतलाच नव्हता.

आपल्या कवितेत बॉनीनं लिहिलं होतं, की आम्हांला शेजारी शेजारी पुरतील. एमानं साफ नकार दिला. जिवंतपणी क्लाइडनं नेली, आता तरी माझी राहू दे, असंच त्या माउलीच्या मनात असेल. दोघांच्या कबरी आजही वेगवेगळ्या दफनभूमीत आहेत.

पुढच्या वर्षी दोघींच्याही आयांना, मुलांना आसरा दिल्याबद्दल, तीस दिवसांची कैद झाली. आणि चित्रपट आला तेव्हा त्यात आपल्या पतीची बदनामी झाली म्हणून पोलीस अधिकारी फ्रँक हेमर यांच्या पत्नीनं मुलासह कोर्टात दाद मागितली. 1971 साली ते प्रकरण आपसांत मिटलं.

हे सगळं सांगून झालं, तोवर गवार मोडून संपली होती. भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मावशी, सिनेमात तिची आई भेटते ना, तो सीन मी पुढे ढकलला होता. कंटाळवाणा वाटला म्हणून.”

“मग आता बघ,” मी म्हटलं आणि कढई गॅसवर ठेवली.